प्रस्तावना: बुचाच्या काजळीखाली

बाटलीचे बूच घ्यायचे, ते विस्तवावर धरून पार कोळसा होईपर्यंत जाळायचे, कुटून त्याची पूड करायची आणि पाण्यात कालवायची. चेहऱ्याला आधी तेलकट हात फिरवायचा, म्हणजे नंतर रंग निघायला त्रास होत नाही. मग ते काळे मिश्रण कपाळापासून मानेपर्यंत चोपडायचे, ओठ मोठे दिसतील अशी त्यांच्याभोवतीची जागा वेगळी ठेवायची, डोक्यावर कुरळ्या केसांचा टोप चढवायचा आणि हातात मोजे घालायचे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या असंख्य गोऱ्या नटांनी ही रंगभूषा करून पोट भरले. मिन्स्ट्रेल शो या नावाने हा खेळ गावोगाव चाले. आपल्या भाषेत तोंडाला काळे फासणे म्हणजे माणसाची चारचौघांत बेअब्रू करणे. तिथे हीच गोष्ट काही पिढ्या करमणूक म्हणून चालली. बेअब्रू होई ती रंग लावणाऱ्याची नव्हे, ज्याची नक्कल केली जाई त्या माणसाची.

या पुस्तकाचा नायक बर्ट विल्यम्स स्वतः कृष्णवर्णीय होता. वर्ण उजळ, अंगापिंडाने उंच, बोलणे शांत आणि शुद्ध. तरीही सुमारे पंचवीस वर्षे तो प्रयोगाआधी आरशासमोर बसून ही काजळी चेहऱ्यावर चढवत राहिला. त्या काजळीसह तो ब्रॉडवेवर पोहोचला, बकिंगहॅम राजवाड्यात पोहोचला, आणि ती चेहऱ्यावर असतानाच रंगमंचावर त्याचे पाय लटपटले.

त्याच्याविषयी लिहिणारे बहुतेक जण दुःखापासून सुरुवात करतात. त्याचा सहकारी, विनोदी नट डब्ल्यू. सी. फील्ड्स म्हणत असे की इतका हसवणारा आणि इतका दुःखी माणूस आपण दुसरा पाहिला नाही. ते उद्गार इतक्या वेळा छापून आले आहेत की विल्यम्सचे नाव काढले की लोकांना त्याचे दुःखच आठवते, त्याचे काम आठवत नाही. मला हे सलत आले आहे. तो दुःखी असेल. असायला कारणे भरपूर होती. पण दुःख कुणालाही होते. रिकामे हात हलवून अख्ख्या थिएटरला पत्त्यांचा जुगार दाखवणे सगळ्यांना जमत नाही. ते त्याला कसे जमले, त्यासाठी त्याने काय काय टाळले आणि काय काय राखून ठेवले, हे सांगावे म्हणून मी हे पुस्तक लिहिले.

सुरुवात ऐकण्यापासून झाली. १९०६ साली कोलंबिया कंपनीने त्याचे ‘नोबडी’ हे गाणे ध्वनिमुद्रित केले. चाल त्याची, शब्द अ‍ॅलेक्स रॉजर्सचे. तबकडीची खरखर, ट्रॉम्बोनचे रडल्यासारखे ओढलेले सूर, आणि मग त्याचा आवाज. हा माणूस गातोय असे चटकन म्हणवत नाही. तो बोलतो, बोलता बोलता सुरावर टेकतो, पुन्हा खाली उतरतो. अडीअडचणीला आपल्यासाठी कोण धावून आले याचा हिशेब तो मांडतो आणि दर वेळी उत्तर येते, कुणीच नाही. उत्तर काय येणार हे पहिल्या कडव्यानंतर ऐकणाऱ्याला ठाऊक असते. गंमत आहे ती ते केव्हा येणार यात. ठेका पुढे निघून जातो, हा मागे रेंगाळतो, आता येईल म्हणून आपण श्वास धरतो आणि तो आणखी क्षणभर थांबतो. लयीशी असा खेळ करायला लय हाडात मुरलेली असावी लागते. मी पहिल्यांदा ऐकले तेव्हा शब्द निम्मेही कळले नव्हते, पण ती थांबण्याची जागा कळली होती.

रंगमंचावर या गाण्याला एक कृतीही असे. झिजलेला सूट, अपुरी विजार, पायांत भले मोठे बूट, अशा अवतारात तो संथपणे पुढे येई. खिशातून एक छोटी वही काढी. पाने उलटत राही, जणू गाण्याचे शब्द कुठल्या पानावर लिहिलेत ते सापडत नाही. प्रेक्षक इथेच हसायला लागत, अजून एक शब्दही उच्चारला गेलेला नसे. हे गाणे त्याच्यामागे जन्मभर लागले. प्रेक्षक ते मागितल्याशिवाय सोडत नसत.

विल्यम्सचा जन्म १८७४ चा, बहामा बेटांवरच्या नॅसॉचा. तो लहान असतानाच कुटुंब अमेरिकेत आले आणि पुढे कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडला स्थिरावले. शाळा त्याने तिथेच पुरी केली. हे मी मुद्दाम सांगतो, कारण दक्षिणेतल्या गुलामगिरीतून आलेल्या माणसांची म्हणून जी बोली मिन्स्ट्रेल शोमध्ये चाले, ती त्याच्या घरची नव्हती. एखाद्या परक्या भाषेसारखी ती शिकावी लागली, असे तो सांगत असे. म्हणजे ज्या माणसाची तो नक्कल करत होता, तो माणूस त्यालाही बाहेरूनच भेटला होता.

१८९३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत त्याला जॉर्ज वॉकर भेटला. वॉकर कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्सचा. ठेंगणा, चपळ, कपड्यांचा शौकीन, तोंडाने फटकळ. दोघांनी जोडी जमवली. सुरुवातीला विनोद वॉकर करी आणि विल्यम्स गंभीरपणे त्याला साथ देई; पुढे उमगले की उलट केले तर जास्त हशा पिकतो. वॉकर झाला ऐटबाज लफंगा, विल्यम्स झाला त्याच्या थापांना बळी पडणारा भाबडा, कमनशिबी माणूस. गोरे नट काळे तोंड करून हिंडतात, मग खरे काळे आम्हीच, अशी आपली जाहिरात ते करत. जाहिरातीत ‘खरे’ या शब्दापुढे जो शब्द होता तो शिवी होता. पुस्तकात मी तो एकदाच, त्या छापील जाहिरातीच्या संदर्भात दिला आहे; पुन्हा लिहिण्याची इच्छा झाली नाही.

चेहऱ्याला काजळी लावण्याचा प्रसंग डेट्रॉइटमधला. तोवर विल्यम्स आपल्या उघड्या चेहऱ्याने काम करत होता. एका प्रयोगाला सहज म्हणून त्याने रंग लावला, एक गाणे म्हटले, आणि प्रेक्षक कधी नव्हे इतके हसले. पुढे त्याने स्वतः सांगितले की आपल्याकडे दुसराच कुणी माणूस म्हणून पाहता यायला लागले तेव्हा आपली विनोदबुद्धी जागी झाली. या कबुलीजवळ मी बराच काळ अडखळलो. ज्या रंगाने त्याच्या लोकांची शंभर ठिकाणी टिंगल केली, त्याच रंगामागे त्याला मोकळेपणा सापडला. हे मान्य करायला जड जाते. त्याच्या काळातल्या कित्येक कृष्णवर्णीय वाचकांना आणि समीक्षकांनाही गेले, आणि त्यांचा राग मला खोटा वाटत नाही. पण कामाविषयी नट स्वतः काय सांगतो ते बाजूला सारून त्याचे चरित्र लिहिणे मला बरोबर वाटले नाही.

१८९६ पासून न्यू यॉर्कमध्ये कॉस्टर अँड बायलच्या म्युझिक हॉलमध्ये या जोडीने नाव कमावले. केकवॉक नावाच्या नाचाचे वेड शहरभर पसरले, त्यात यांचा मोठा वाटा. आणि मग १९०३ साली १८ फेब्रुवारीला, आजच्या टाइम्स स्क्वेअरमधल्या न्यू यॉर्क थिएटरमध्ये ‘इन दहोमी’चा पडदा उघडला. संगीत विल मॅरियन कुक यांचे, गीतांत कवी पॉल लॉरेन्स डनबार यांचा हात, संहिता जेसी शिप यांची. लिहिणारे, चाली बांधणारे, नाचणारे, गाणारे सगळे कृष्णवर्णीय, आणि थिएटर ब्रॉडवेवरचे मोठे: पूर्ण लांबीच्या संगीत नाटकाच्या बाबतीत असे आधी घडले नव्हते. कथानक आफ्रिकेतल्या दहोमीला वसाहत करायला निघालेल्या लोकांचे आणि त्यांच्या आशेवर डल्ला मारणाऱ्या भामट्यांचे. विल्यम्सच्या पात्राचे नाव शायलॉक होमस्टेड, वॉकरच्या पात्राचे रेअरबॅक पिंकर्टन. मंचावर सगळी मंडळी काळी असली तरी प्रेक्षागृहात काळ्या माणसाला जागा वरच्या गॅलरीतच. खालच्या खुर्च्या गोऱ्यांच्या.

न्यू यॉर्कमध्ये ५३ प्रयोग झाले. मग मंडळी बोटीने लंडनला गेली. शाफ्ट्सबरी थिएटरमध्ये मे महिन्यात पडदा उघडला आणि २३ जूनला, छोट्या राजपुत्र एडवर्डच्या नवव्या वाढदिवशी, बकिंगहॅम राजवाड्याच्या बागेत त्यांचा प्रयोग झाला. पुढे स्कॉटलंडमध्ये एडिंबरोच्या एका फ्रीमेसन लॉजने विल्यम्सला सभासद करून घेतले. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण तिचे फळ त्याच्या मृत्यूनंतर दिसले.

आता ते पत्ते. १९०८ च्या ‘बँडाना लँड’ या नाटकापासून तो हा मूकाभिनय करत असे, आणि १९१६ मध्ये बायोग्राफ कंपनीच्या ‘अ नॅचरल बॉर्न गँबलर’ या छोट्या मूकपटात तो सुदैवाने टिकून राहिला. जुगारात पकडला गेलेला माणूस कोठडीत एकटा बसला आहे. समोर कुणी नाही, हातात काही नाही. तो पत्ते पिसतो. पिसताना बोटे ज्या बेताने वाकतात त्यावरून जोडाची जाडी कळते. मग वाटतो, आणि वाटताना नजर एकेका खेळाडूवर जाते, म्हणून समोरची रिकामी जागा माणसांनी भरते. स्वतःची पाने उचलतो, छातीशी धरतो, अंगठ्याने कडा हळूहळू सरकवत एकेक पान उघडतो. पहिले बरे. दुसरेही बरे. मग चेहरा फुलतो आणि ताबडतोब तो फुललेला चेहरा लपवायची धडपड सुरू होते, कारण शेजारच्याला कळता कामा नये. पैसे लावतो. इतर खेळाडू पाने बदलून घेतात. कुणी किती घेतली हे तो वाटता वाटता मोजतो. एकाने फार कमी घेतली. तिथे भुवया किंचित वर जातात. एवढेच. मग बोली वाढत जाते, त्याला सोडवत नाही, पाने उघडली जातात, आणि त्याचे खांदे खाली येतात.

खांदे खाली येण्याची ही क्रिया मी किती वेळा पाहिली ते सांगता येणार नाही. त्यात हातवारे नाहीत, तोंड वेडेवाकडे करणे नाही. मिन्स्ट्रेल शोमधला विनोद सगळा अतिशयोक्तीचा, डोळे गरागरा फिरवण्याचा, आदळआपट करण्याचा. विल्यम्सने रंग तोच ठेवला आणि आतली सगळी आरडाओरड काढून टाकली. त्या काजळीत चेहऱ्याचे बारकावे बुडून जातात, म्हणून त्याने खांद्यांना, मानेला, बोटांना बोलायला लावले. हा अभिनयाचा विचार आहे, आणि तो त्याने एकट्याने, प्रेक्षकांसमोर, प्रयोगाप्रयोगातून केला. पत्त्यांच्या डावात हरणारा तो माणूस काळा आहे म्हणून हरत नाही; जुगारी आहे म्हणून हरतो. पाहणाऱ्याला आपलाच एखादा काका, एखादा शेजारी आठवतो.

वॉकरचा स्वभाव वेगळा. काळ्या कलावंतांची स्वतःची संस्था, स्वतःचे पैसे, स्वतःचे थिएटर असावे यासाठी तो भांडत असे, आणि करार करताना पुढे होई तोच. सिफिलिसने त्याला ग्रासले. ‘बँडाना लँड’च्या दौऱ्यात त्याच्या जिभेला शब्द वळेनासे झाले, आणि १९०९ मध्ये त्याने मंच सोडला. त्याची बायको एडा ओव्हरटन वॉकर, स्वतः पहिल्या प्रतीची नर्तकी, नवऱ्याचे कपडे चढवून त्याची गाणी म्हणायला उभी राहिली. जानेवारी १९११ मध्ये वॉकर गेला. एकट्याने उभे केलेले विल्यम्सचे नाटक त्याआधीच पडले होते. जोडीतल्या भांडणाऱ्या माणसाची जागा पुढे कधीच भरली नाही.

१९१० मध्ये निर्माता फ्लोरेन्झ झीगफेल्डने त्याला आपल्या ‘फॉलीज’ या नाच-गाण्यांच्या खेळात घेतले. तोवर गोऱ्या मंडळींच्या एवढ्या मोठ्या खेळात बरोबरीच्या नात्याने कृष्णवर्णीय नट नव्हता. मंडळीतल्या काहींनी काम सोडायची धमकी दिली. झीगफेल्डने त्यांना सांगितले म्हणतात की तुमच्यापैकी कुणाचीही जागा मी भरू शकेन, याची नाही. करारात दोन अटी होत्या: दक्षिणेतल्या राज्यांत दौरा नाही आणि मंचावर गोऱ्या नटीबरोबर एकट्याने प्रवेश नाही. या अटी खुद्द विल्यम्सच्याही मनासारख्या होत्या. वाचताना आधी वाईट वाटते, मग ध्यानात येते की त्या काळात दक्षिणेत जमाव माणसे झाडाला टांगत होता. आपले डोके शाबूत ठेवून काम करायचे तर कुठे उभे राहायचे आणि कुठे नाही, हे त्याला कळत होते.

पुढची जवळपास दहा वर्षे, मधली दोन वगळता, तो ‘फॉलीज’मध्ये राहिला. १९११ मधला एक प्रवेश मला फार आवडतो. न्यू यॉर्कचे ग्रँड सेंट्रल स्टेशन तेव्हा नव्याने बांधले जात होते. गाडी शोधणारा गोंधळलेला गोरा प्रवासी म्हणजे लिऑन एरल, आणि त्याला लोखंडी तुळयांवरून वाट दाखवणारा लाल टोपीचा हमाल म्हणजे विल्यम्स. दोघांच्या कमरेला एकच दोर. एरल घसरतो, हा ओढून वर घेतो, पुन्हा घसरतो. आणि बक्षिसी पाच सेंटच मिळणार हे कळल्यावर हमालाच्या हातातला दोर ढिला होतो. १९११ च्या न्यू यॉर्कमध्ये, गोऱ्या प्रेक्षकांपुढे, एका काळ्या माणसाने गोऱ्याला असे खाली सोडले आणि थिएटर हसले. हे त्याने शांतपणे, हळूच केले, म्हणून ते चालून गेले.

मंचाबाहेरचे चित्र निराळे. दौऱ्यात हॉटेलवाले खोली देत ती मागच्या लिफ्टने ये-जा करण्याच्या अटीवर. एडी कँटर हा त्याचा तरुण सहकारी आठवण सांगतो की याबद्दल विल्यम्स एवढेच म्हणाला, कानात अजून टाळ्या वाजत नसत्या तर एवढे वाईट वाटले नसते. १९१९ च्या ऑगस्टमध्ये नटांचा संप झाला. फील्ड्सने सांगितलेली हकीकत अशी की विल्यम्स नेहमीच्या वेळी थिएटरवर आला, रंग लावला, कपडे घातले, मंचावर आला आणि पाहतो तो सगळीकडे सामसूम. संप आहे हे त्याला कुणी कळवलेच नव्हते, कारण तो नटांच्या संघटनेत नव्हता. पुस्तकातले हे प्रकरण सगळ्यात छोटे आहे. रिकाम्या मंचावर रंगवलेल्या चेहऱ्याने उभ्या राहिलेल्या माणसाविषयी मला आणखी काही लिहिता आले नाही.

त्याने लढायला हवे होते का? कृष्णवर्णीयांचे पुढारी बुकर टी. वॉशिंग्टन यांचे मत होते की विल्यम्सने समाजासाठी आपल्यापेक्षा जास्त केले, कारण आपल्याला जिथे झगडून जावे लागले तिथे तो हसवत गेला. ही प्रशंसा मला तितकीशी पटत नाही. हसत हसत शिरलेल्या माणसाला मागच्या लिफ्टनेच जावे लागत होते, हेही त्याच वेळचे सत्य आहे. पण तो गप्प होता असेही नाही. १९१८ च्या एका मासिकातल्या लेखात त्याने आपल्या विनोदाची मुळे स्पष्ट सांगितली: विनोद नेहमी अडचणीतून निघतो, आणि आपण ज्या माणसाचे सोंग आणतो तो सूपचा पाऊस पडला तरी चमचा नसलेला माणूस आहे. कृष्णवर्णीय असणे ही लाज नाही, मात्र अमेरिकेत ती गैरसोय फार वेळा ठरते, असेही त्याने लिहून ठेवले. त्याच्या बोलण्याची पट्टीच अशी होती, खालच्या आवाजातली, आणि त्याच्या गाण्यासारखी ती ऐकायला जवळ जावे लागते.

२७ फेब्रुवारी १९२२ रोजी ‘अंडर द बांबू ट्री’च्या प्रयोगात तो कोसळला. न्यूमोनिया अंगावर काढत तो काम करत होता. त्याला धरून नेत असताना प्रेक्षक हसत होते, त्यांना तो नाटकाचाच भाग वाटला. गाव पुन्हा डेट्रॉइट. ४ मार्चला न्यू यॉर्कमध्ये तो वारला. वय ४७. त्याच्या अंत्यविधीत न्यू यॉर्कच्या गोऱ्या फ्रीमेसन मंडळींनी आपले संस्कार केले, कारण एडिंबरोत अठरा वर्षांपूर्वी त्याचे नाव नोंदले गेले होते. ब्रॉंक्समधल्या वुडलॉन दफनभूमीत त्याला पुरले.

चरित्र तिथे संपते, पुस्तक नाही. १९१३ मध्ये विल्यम्सला नायक करून एक मोठा मूकपट चित्रित झाला होता. सगळे महत्त्वाचे नट कृष्णवर्णीय. काय बिनसले कोण जाणे, तो जोडला गेला नाही, दाखवला गेला नाही. १९३९ मध्ये न्यू यॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने बायोग्राफ कंपनीच्या निगेटिव्ह ताब्यात घेतल्या, त्या ढिगात याची सात रिळे होती. शंभर वर्षे उलटल्यावर, २०१४ मध्ये, ती लोकांसमोर आली. जोडणी झालेलीच नसल्याने एकच दृश्य पुन्हा पुन्हा घेतलेले दिसते, दोन टेकमधले क्षणही दिसतात: कुणी जागेवर जाऊन उभे राहते आहे, कुणी सूचना ऐकते आहे. बाकी सगळे आपापल्या चेहऱ्याने वावरतात, ऐटीत नटूनथटून. काजळी एकट्या विल्यम्सच्या तोंडावर.

जत्रेत लाकडी घोड्यांच्या मेरी-गो-राउंडवर तो आणि त्याची नायिका ओडेसा वॉरन ग्रे बसले आहेत. काळ्या प्रियकर-प्रेयसीला पडद्यावर साधे प्रेम करताना तेव्हा क्वचितच दाखवले जाई. घोडे वरखाली होतात, चक्र फिरते, ती हसते. नंतर तो तिला घरी सोडायला जातो. दाराशी दोघे थांबतात, आणि तो तिचे चुंबन घेतो, घाईने नाही, थट्टेने नाही. इथेही तो क्षणभर थांबतोच, गाण्यात थांबतो तसा.